सगळे थांबले तेव्हा

गेल्या सोमवारी सकाळी भिलवडीच्या पेठेतून एक मुलगा चालत गेला. घडलं ते एवढंच. पण ते काही केल्या डोक्यातून हटेना, म्हणून लिहायला बसले आहे.

मी सांगलीहून रोज एसटीनं भिलवडीला येते. पतसंस्थेत कॅशला असते. साडेनवाला कुलूप उघडायचं, म्हणून नऊपर्यंत पेठेत पोचते आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा घेते. ९ वाजून १० मिनिटांनी राष्ट्रगीत लागतं. २०२० पासून हे रोज चाललंय, व्यापाऱ्यांनीच पुढाकार घेतला, आणि आता ते गावाच्या अंगवळणी पडलंय. स्पीकर खरखरला की ज्याचा पाय जिथं असेल तिथं थांबतो. शटर अर्धं वर केलेला दुकानदार तसाच उभा, दुधाच्या किटल्या अडकवलेली मोटरसायकल बंद, शाळेला निघालेली पोरं दप्तरासकट ताठ. चहावाल्यानं गाळणं वर धरलेलं असतं आणि त्यातून थेंब थेंब पातेल्यात पडत असतात. बावन्न सेकंद पेठेत हलतं ते तेवढंच. मी रोज त्या थेंबांकडे बघत उभी असते.

सोमवारी थेंबांच्या जोडीला चपलांचा आवाज आला. फटक, फटक. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, पाठीवर मळकी निळी सॅक, हातात मोबाईल, नजर त्या मोबाईलवरच्या कुठल्यातरी पत्त्यावर. आमच्यामधून तो सरळ चालत आला. मध्येच त्यानं मान वर केली आणि त्याच्या लक्षात आलं की सगळा रस्ता उभा आहे. त्याची चाल मंदावली, पण तो थांबला नाही. एकदा मागे वळून पाहिलं, काही अपघातबिपघात झालाय का ते बघितल्यासारखं, आणि खांदे आक्रसून पुढे निघाला. गीत संपलं तशी एका दुकानदारानं त्याला आडवं घेतलं. "काय रं, कळत न्हाई व्हय? राष्ट्रगीत चाललंय, दिसत न्हाई?" मुलगा म्हणाला, "मालूम नहीं था, सेठ." "मालूम न्हाई म्हणं!" दोघं-तिघं हसले. मुलानं पाठीवरची सॅक काढून पोटाशी धरली आणि तो घाटाच्या दिशेनं निघून गेला. मी त्याच्यापासून पाच हातांवर होते. मी चहाचे पैसे दिले, ओढणी सारखी केली आणि ऑफिसला गेले.

दिवसभर नोटा मोजताना मला त्या चपला ऐकू येत होत्या.

कारण मी एकदा बँकॉकला गेले होते, तेव्हा तिथल्या माझ्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तसाच आवाज माझ्या पायांचा झाला होता.

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पाठीला सॅक लावून एकटीनं परदेशात जायचं, हे मी घरात सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कुणाबरोबर?" कुणाबरोबरच नाही म्हटल्यावर मेथीची जुडी खाली ठेवली. "टूरवाल्यांबरोबर का जाईनास? गावभागातल्या चार बायका जातात की." मी काय सांगणार? मला झेंड्यामागून चालायचं नव्हतं. एकदा तरी कुठल्यातरी मोठ्या शहरात उतरावं, आपल्याला कुणी ओळखत नसावं, आणि उजवीकडे वळायचं की डावीकडे ते आपलं आपण ठरवावं, इतकंच हवं होतं. भाच्यानं त्याची ट्रेकची सॅक दिली. तिला पावसाळी गवताचा आणि मोज्यांचा वास येत होता. आईनं तिच्यात भडंगाची दोन पाकिटं आणि मेतकुटाची डबी कोंबली, आणि एकच अट घातली.

"नावेत बसायचं न्हाई."

ही अट कुठून आली ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आमचं गावभागातलं घर माळ्यापर्यंत पाण्यात होतं आणि आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे एका खोलीत नऊ जण राहत होतो. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. त्यानंतर आईनं नाव हा शब्दच टाकला. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेलो तरी ती घाटाच्या वरच्या पायरीवर बसते, खाली उतरत नाही.

बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ते आधी मला वाचताच आलं नाही, आणि वाचता आलं तेव्हा आत काहीतरी सैल झालं. शहरात जाणाऱ्या रेल्वेत बाई घोषणा करत होती, त्यातला 'सथानी' हा एक शब्द सारखा कानावर पडत होता. दोन-तीन स्टेशनं गेल्यावर उलगडा झाला, स्थानी, म्हणजे स्टेशन. मग मला खेळच मिळाला. वेळेला ते 'वेला' म्हणतात, भाषेला 'फासा', रविवारला 'आथित', म्हणजे आदित्य. मी पोचले तो मंगळवार होता. हॉस्टेलच्या फळ्यावर वाराचं नाव लिहिलं होतं, ते हॉस्टेल राखणाऱ्या मावशींनी मला वाचून दाखवलं. अंगखान. मी दोनदा म्हणायला लावलं. अंगारक! सांगलीच्या गणपतीपुढे अंगारकीला जी रांग लागते, तोच अंगारक इथं दर आठवड्याला येतो. शाकाहारी जेवण मागायचं तर 'मांगसविरत' म्हणायचं असं त्यांनीच शिकवलं. मांस आणि विरती! नूडल्सच्या गाड्यावर प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून मी तो शब्द उच्चारला आणि बाईनं मान डोलावून कढईत फक्त भाजी नि टोफू टाकलं, तेव्हा मला शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना फोन करावासा वाटला. कोळशाचा धूर, गवती चहा, लसूण, माशांचं आंबवलेलं पाणी आणि शेजारच्या गटाराची वाफ, असा सगळा मिळून वास होता. पहिल्या दिवशी त्यानं मळमळलं आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच वासाच्या मागावर गाडा शोधत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची अट मोडली. हॉस्टेल नदीच्या पलीकडे, थोनबुरीच्या बाजूला होतं, आणि जुन्या शहरात जायला सगळे चाओ फ्राया नदीतल्या बोटींनीच जातात. धक्क्यावर मी तीन बोटी सोडल्या. धक्का पायाखाली वरखाली व्हायचा, बोट येऊन त्याला धाडकन टेकायची, मागच्या टोकाला उभा असलेला पोरगा तोंडातल्या शिट्टीनं चालकाला खुणा करायचा, आणि जेमतेम एसटीच्या विनंती थांब्याइतका वेळ मिळायचा. शाळकरी पोरी, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, टाय लावलेले बाप्ये, सगळे बोलत बोलत उडी मारून चढत होते. चौथ्या बोटीच्या वेळी शेजारच्या आजीबाईंनी मला काही न विचारता माझ्या सॅकचा पट्टा धरला आणि मला बरोबर आत घेऊन गेल्या. चढल्यावर पट्टा सोडला आणि खिडकीशी जाऊन बसल्या. पुन्हा माझ्याकडे पाहिलंही नाही.

पाणी कृष्णेच्या पुरासारखं तांबूस होतं. त्यात जलपर्णीचे पुंजके वाहत होते. मी दोन्ही हातांनी दांडा धरून उभी होते आणि डोळ्यांसमोर ऑगस्ट होता. तेवढ्यात टक-टक असा आवाज आला. कंडक्टरबाई. हातात पत्र्याची लांबट नळकांडी, मधून उघडणारी. तिच्यात एकीकडे नाणी, एकीकडे तिकिटांची गुंडाळी. गर्दीतून येताना ती तिचं झाकण वाजवत होती. आमच्या लहानपणी एसटीतले मास्तर तिकिटाच्या ट्रेवर पंच वाजवत यायचे, अगदी तोच ठेका. मिरज-सांगली गाडीत आईच्या मांडीवर पेंगताना तो आवाज आला की आई अर्धवट झोपेतल्या मला आणखी जवळ ओढून घ्यायची, माझं तिकीट काढावं लागू नये इतकी मी लहान दिसावी म्हणून. मी दांड्यावरचा एक हात सोडला आणि सुट्टे पैसे काढले. बाईनं तिकीट फाडलं, आणि खुणेनंच मला दोन पावलं बाजूला सरकायला लावलं. मी भिक्खूंसाठी राखलेल्या जागेत उभी होते.

त्या दिवशी मी भरपूर चालले. वाट फो या देवळात ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. त्याच्या पाठीमागच्या बाजूला भिंतीशी १०८ काशाची भांडी ओळीनं मांडलेली आहेत. वीस बाथ दिले की सुटी नाणी मिळतात, एकेका भांड्यात एकेक टाकत जायचं. पुढे किती जण असतील तितके टणत्कार मागेपुढे होत राहतात आणि बुद्धाचं अंग मध्ये असल्यानं समोरून येणाऱ्याला नुसताच आवाज ऐकू येतो. १०८ हा आकडा मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. वाट फ्रा केओमध्ये बसायचं तर पाय बुद्धाकडे करायचे नाहीत, मागे दुमडायचे. शेजारच्या गोऱ्या मुलाला पहारेकरी ते खुणेनं सांगत होता, आणि मी मात्र आधीच तशी बसले होते, आजीचा हात गुडघ्यावर बसल्यासारखा वाटून. त्याच देवळाच्या ओवरीत भिंतभर रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. सोनेरी मुकुटांचे राक्षस, पांढराशुभ्र हनुमान, सैन्यावर सैन्य. मी प्रत्येक भिंतीपुढे उभी राहून कोण कोण ते ओळखत होते. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभं केलं, त्या गावची मी. भाव्यांच्या रंगवलेल्या राक्षसांनी या राक्षसांना ओळख दिली असती असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या दुपारी माझी छाती भरून आली होती. हे शहर परकं नाहीच, असं मी ठरवून टाकलं होतं. इथले वार आपले, आकडे आपले, देव आपले. फोनवर आईलाही तसंच सांगितलं. बोटीचं सोडून.

संध्याकाळी लुंफिनी बागेत गेले. तेही नाव लुंबिनीचंच. मोठं तळं, भोवती धावपट्टी, आणि ऑफिस सुटल्यावर पळायला आलेली शेकडो माणसं. पलीकडे बायकांचा घोळका कवायतीसाठी जमत होता. मी काठानं चालले होते. पाण्यात काळं, लांब काहीतरी हललं आणि काठावर चढू लागलं. कृष्णाकाठच्या माणसाला पाण्यात असं काही दिसलं की आधी मगरच आठवते. भिलवडीच्या घाटावर, औदुंबरला, आम्ही मगरी पाहत आलोय. माझा जीव गोळा झाला. मग जीभ दिसली, दुभंगलेली, आणि कळलं की घोरपड आहे. पण घोरपड असावी तरी केवढी? माणसाएवढी लांब, शेपटी वेगळी. मी तिच्यावरची नजर न काढता भरभर पुढं निघाले. कुठंतरी लाऊडस्पीकरवर बँडसारखं काही वाजू लागलं, त्याकडे माझं लक्षच नव्हतं.

लक्ष गेलं ते वाळूच्या आवाजाकडे. फरक, फरक. माझ्याच चपलांखाली. एवढ्या मोठ्या बागेत तेवढा एकच आवाज येत होता. मी मान वर केली. धावणारे सगळे जिथल्या तिथे उभे होते. एका मुलाचा घाम हनुवटीवरून टपटप पडत होता आणि तो पुसत नव्हता. कवायतीच्या बायका हात खाली सोडून ताठ. पाणी विकणारा गाड्याशेजारी ताठ. दूर रस्त्यावरची वाहनं तेवढी चालू होती, म्हणजे जग बंद पडलं नव्हतं, बाग थांबली होती. आणि मी तरीही आणखी चार पावलं टाकली. का टाकली, हे मी स्वतःला अजून विचारते. थांबायचं हे कळल्यावरसुद्धा पायांना ते कळायला वेळ लागतो. शिवाय थांबलं की आपण चुकत होतो हे सगळ्यांदेखत कबूल केल्यासारखं होतं, म्हणून माणूस आणखी थोडं चुकतो.

समोरच्या घोळक्यातली एक बाई, आईपेक्षा थोडी लहान असेल, तिनं चेहरा न हलवता उजवा हात कमरेपासून जरासा पुढं केला आणि तळवा दोनदा खाली दाबला. झोपलेल्या मुलाला थोपटतात तसा. मी थांबले.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, थायलंडमध्ये राष्ट्रगीत लागतं आणि सार्वजनिक जागी लोक उभे राहतात. हे मला माहीत असायला हवं होतं. ज्या गावात मी रोज ९ वाजून १० मिनिटांनी चहाचे थेंब मोजत उभी असते, तिथनं आलेल्या मला तरी. गीत संपलं, सगळे एकदम पळू लागले, कवायतीचं संगीत सुरू झालं. ती बाई हसली, ओठ न उघडता, आणि हात वर करून पहिल्या व्यायामाला लागली. मला कुणी काही बोललं नाही. तरी माझे कान तापलेले होते. बाकावर बसले आणि भडंगाचं पाकीट काढलं. लसणीचा नि शेंगदाण्याचा वास आला, आणि मला रडू आलं. दुपारचे ते सगळे वार, आकडे, राक्षस कुठल्या कुठे गेले होते. भिंतीवरची माणसं माझ्या ओळखीची होती, बागेतली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्कायट्रेनच्या स्टेशनवर होते. पावणेआठ झाले होते. मी चढत्या गर्दीतून बाजूला झाले, एका खांबाला पाठ लावली, सॅक काढून दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि उभी राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. मला जायचं होतं त्या दिशेच्या दोन गाड्या मी सोडल्या. लोक माझ्या दोन्ही अंगांनी वाहत होते. आठ वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा मला नाक खाजवायचं होतं आणि मी खाजवलं नाही. शेवटी आठ वाजले, सूर लागले, आणि जिन्यावरची, फलाटावरची सगळी माणसं थांबली. तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याही देशाबद्दल नव्हतं. आता आपण वेगळं दिसत नाही, एवढाच सुटकेचा श्वास होता तो.

त्या रात्री हॉस्टेलच्या मावशी फरशी पुसत होत्या. जिन्याखालच्या भिंतीवर छातीच्या उंचीला एक पिवळट रेघ होती, रंग देऊनही वर आलेली. अशी रेघ मी कुठंही ओळखते. मी तिच्यावर बोट ठेवलं. मावशींनी बोटांनी आकडे दाखवले, दोन, शून्य, एक, एक. २०११ चा पूर. मी मोबाईलमध्ये शोधून माझ्याकडचा फोटो काढला, गावभागातला आमचा दरवाजा, त्याच्यावरची रेघ, शेजारी हात वर करून उभी असलेली आई, रेघ तिच्या हाताच्या वर. मावशींनी ओले हात पदरासारख्या बांधलेल्या कापडाला पुसले, फोन हातात घेतला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. रेघ नाही, आईचा चेहरा. बराच वेळ बघत होत्या. मग आत गेल्या आणि दोन केळी घेऊन आल्या, एक मला, एक स्वतःला. आम्ही जिन्यावर बसून ती खाल्ली. त्या दिवसांत मी पाहिलेल्या सगळ्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे, आणि त्यात एकही ओळखीचा शब्द नव्हता.

आणखी आठवडाभर राहिले, पण पुढचे दिवस मोकळे गेले. कुठं थांबायचं ते एकदा कळलं की शहर अंगाला घासत नाही.

म्हणून सोमवारचा तो मुलगा. पेठेतलं राष्ट्रगीत मला प्रिय आहे, हे मी मनापासून सांगते. पहिल्यांदा ऐकलं ते साल कसं होतं आठवा. माणसं एकमेकांच्या जवळ उभी राहायला घाबरत होती, आणि त्या सालात रोज बावन्न सेकंद सगळं गाव एकत्र उभं राहायला लागलं. माझ्या अंगावर काटा आला होता. आजही कधीकधी येतो. ते बंद व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. त्या दुकानदाराचंही मी समजू शकते, त्याच्या आवाजात राग होता तितकंच प्रेमही होतं. मला खुपतंय ते माझं. लुंफिनीतल्या बाईनं कमरेपासून वीतभर हात पुढे केला होता. ताठ उभं राहूनही तो करता येतो, हे मी पाहिलेलं होतं. ज्या पेठेत मी रोज असते, जिथं माझ्या शब्दाला चार माणसं मान देतात, तिथं मी ओढणी सारखी केली.

मंगळवारी, बुधवारी मी त्याला शोधत होते. चहावाल्याला विचारलं. "फरशीच्या कामाला आलीत पोरं, म्याडम. बिहारची हायत. घाटाकडं खोली घेतलीया." गुरुवारी पाऊस होता, एसटी उशिरा पोचली.

शुक्रवारी नऊला पेठेत उतरले तर तो चहाच्या गाड्याशेजारी उभा होता. निळी सॅक काढून दोन पायांच्या मध्ये ठेवलेली. हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर. पेठ त्याच्या भोवतीनं चालू होती, सायकलवाल्यानं घंटी मारली तरी तो हलला नाही. चहावाला म्हणाला, "अजून लागलं न्हाई रं, बस की जरा." मी हिंदीतून सांगितलं, अभी सात मिनट है. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि तसाच उभा राहिला.

मी ग्लास खाली ठेवला. खांद्यावरची पिशवी उतरवून पायांच्या मध्ये ठेवली आणि त्याच्या शेजारी उभी राहिले. समोर गाळण्यातून चहा धारेनं पडत होता.